कॉम्प्युटर तोच, प्रोग्राम कोणते?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि घरोघरचे धडधाकट कॉम्प्युटर एका दिवसात 'म्हातारे' ठरले. विंडोज ११ च्या अटींत ते बसत नाहीत. मग मुलगा किंवा भाचा 'लिनक्स मिंट' टाकून देतो, फुकट आहे, छान चालतं म्हणतो आणि आपल्या कामाला निघून जातो. त्या पडद्यासमोर रोज बसायचं असतं ते घरातल्या बाईला. बचतगटाचा हिशेब, सोसायटीचं पत्र, लग्नाचे फोटो, विजेचं बिल! तिला काय लागतं, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं.

मैत्रिणींनो, लिनक्स अवघड नाही. अवघड जातं ते सगळंच एकदम नवं होणं. फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि व्हीएलसी हे तिन्ही प्रोग्राम विंडोजवरही फुकट चालतात. तेव्हा आधी महिनाभर विंडोजवरच ते वापरा. घर बदलण्याआधी भांडी ओळखीची करून घ्यायची, इतकंच. नंतर खालची सिस्टिम बदलली तरी हात अडत नाही.

पत्रासाठी लिबरऑफिसचं रायटर, हिशेबाला कॅल्क. बचतगटाच्या वहीला एवढं पुरून उरतं. एक लक्षात ठेवायचं, की हा प्रोग्राम फाइल स्वतःच्या पद्धतीने जपून ठेवतो. दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करावी, किंवा 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये वर्डची फाइल निवडावी. फोटोंसाठी जाणकार मंडळी लगेच 'गिंप' सुचवतात. प्रोग्राम उत्तम आहे, पण फोटोची कड कापायला नि उजेड वाढवायला 'शॉटवेल' पुरे. भाजी चिरायला कुणी तलवार काढतं का?

खरी मेख आहे मराठीची. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेल्या पाककृती आणि अर्ज नव्या कॉम्प्युटरवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतात. म्हणून विंडोज पुसण्याआधी त्या फाइली युनिकोडमध्ये करून घ्या. लिनक्समध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली, की इनस्क्रिप्टने सरळ लिहिता येतं. ज्यांचं कामच टॅलीवर आहे, त्यांनी मात्र भाच्याला स्पष्ट सांगावं, 'बाबा रे, माझं विंडोज राहू दे.' टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि पोटापाण्याच्या कामावर प्रयोग करू नयेत.

आणखी एक. नवा प्रोग्राम हवा असला, की नेटवर शोधून उतरवायची आपल्याला सवय. तसल्या विंडोजच्या फाइली इथे नुसत्या क्लिकने चालत नाहीत. मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर मॅनेजर' नावाचं दुकान आहे, तिथूनच घ्यावं. तिथे एकेका कामाला दहा-दहा प्रोग्राम दिसतात आणि गोंधळ उडतो. एका कामाला एकच ठेवा. निवड मात्र तुमची हवी, भाच्याची नव्हे.

हे सगळं आधी करूनही बघता येतं. मिंट पेन ड्राइव्हवर घालून, कॉम्प्युटरमधलं काहीही न पुसता चालवता येतं. थोडं हळू चालेल, पण चालेल. तेवढ्यात आपला प्रिंटर लावून एक कागद छापून बघा, मोबाइलमधले फोटो येतात का तेही पाहा. हे जमलं तरच विंडोज पुसायला होकार द्या, आणि तोही घरचे सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्यावर.