पटापुढचे चार तास

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्ट येथील ४५ व्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघ आठव्या फेरीत पोलंडकडून हरला, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरीत अडकला. दहाव्या फेरीत समोर चीन होता. तीन पटांवरील डाव बरोबरीत सुटले. तिसऱ्या पटावर नागपूरच्या दिव्या देशमुखने नी शिछुनला नमविले आणि सामना भारताने जिंकला. पुढच्या फेरीत अझरबैजानला हरवून महिलांनी प्रथमच सुवर्णपदक मिळविले.

सावनेरहून नागपूर जेमतेम चाळीस किलोमीटर. पण खरे अंतर निराळेच आहे. बुद्धिबळ गरिबालाही परवडते, असे म्हणतात. पट आणि मोहरे स्वस्त आहेत, हे खरे. महाग आहे तो वेळ. ऑलिंपियाडमधील एक डाव सहज चार तास चालतो. सावनेरच्या कोळसा खाणीतील कंत्राटी मजुराच्या किंवा संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या बाईच्या मुलीपाशी असे सलग चार तास असतात काय? शाळा सुटली की पाणी, चूल आणि धाकटे भावंड तिची वाट पाहत असतात. भाऊ चौकात खेळतो तो बहुधा बहिणीच्या श्रमांवर. आणि त्या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही.

दिव्याच्या डॉक्टर आई-वडिलांनी तिला हा वेळ दिला, हे त्यांना भूषणावहच आहे. परंतु ज्या घरांना तो देता येत नाही, त्यांच्या मुलींना तो समाजाने द्यावा, हाच समाजवादाचा अर्थ. २०२५ मध्ये बातुमी येथे तिने महिला विश्वचषक जिंकल्यावर राज्य सरकारने तीन कोटींचे पारितोषिक दिले. ते उचितच; मात्र जिंकून आलेल्यांचा सत्कार म्हणजे क्रीडाधोरण नव्हे.

भाकरीचा प्रश्न उभा असताना बुद्धिबळ कसले, असे काही कार्यकर्ते विचारतील. कामगार चळवळीने आठ तासांचा दिवस मागितला, तो माणसाला स्वतःचा वेळ असावा म्हणूनही. ती मागणी अद्याप मुलींपर्यंत पोहोचलेली नाही.

सावनेर नगर परिषदेने दर रविवारी एक खोली चार तास मुलींसाठी राखावी, तिथे पट आणि शिक्षक द्यावा, शेजारी धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर चालवावे आणि आसपासच्या खेड्यांतील मुलींच्या परतीच्या प्रवासाची सोय करावी. यासाठी तीन कोटी लागणार नाहीत. कार्यकर्त्यांनी ही मागणी जरूर लावून धरावी. मात्र त्याआधी स्वतःच्या घरातील मुलीचे चार तास मोकळे करावेत.