निबंधातला वृद्धाश्रम आणि गावातली आजी



आठवी ते दहावीच्या वह्यांत एक निबंध दरवर्षी ठरलेला असतो: ‘वृद्धाश्रम – काळाची गरज’. कधी ‘शाप की वरदान’. मुलं काय लिहितात तेही ठरलेलंच. परदेशी गेलेला मुलगा, भांडखोर सून, गेटपाशी वाट बघणारी आई आणि शेवटी संस्कारांवर चार ओळी. गुणही बरे पडतात. पण या निबंधातले आजी-आजोबा आपल्या शाळांच्या गावात राहतात का हो?

बीड, जालना, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. मार्च-एप्रिलपर्यंत गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली शाळकरी नातवंडं. इथला मुलगा कृतघ्न नाही, तो फडात कोयता चालवतोय. सून दुष्ट नाही, ती डोक्यावर मोळ्या वाहतेय. शहरातही वेगळं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, त्यात आजोबांची खाट टाकायची कुठे? आणि एकट्या म्हातारीला खोली भाड्याने द्यायला घरमालक सहसा तयार होत नाही. भाडं थकलं तर, आजारी पडली तर, असा त्याचा सरळ हिशेब. इथे संस्कारांचं भाषण देऊन काय उपयोग?

कायदा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा. त्याच्या कलम १९ मध्ये जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम सांगितला आहे. फक्त त्यातलं क्रियापद नीट वाचा. राज्य सरकार असे वृद्धाश्रम स्थापन ‘करू शकेल’. ‘करील’ नव्हे! शक्यता आणि बंधन यांतला फरक शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. याच कायद्याने मुलांकडून महिना १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मागता येतो. पण जो मुलगा स्वतःच उचल घेऊन फडात गेलाय, त्याच्याकडून मागणार काय?

घरकुलाचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही बांधकाम पुढे सरकेल तसे हप्त्यांनी. सत्तरीच्या एकट्या बाईने गवंडी शोधायचा, सिमेंट-वाळू आणायची, कामाचे फोटो काढून घ्यायचे आणि पंचायतीत खेटे घालायचे. योजना वाईट नाही, पण ती धडधाकट माणसाच्या मापाने शिवलेली आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये हा खरा आधार. त्यात औषध, तेल-मीठ, वीजबिल आणि नातवाची वही. शिवाय राबून राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेत नाही, मग पुन्हा उद्या या.

माझं मत स्पष्ट सांगतो. परवडणारी घरं आणि चांगले वृद्धाश्रम हवेतच, ज्याला कुणीच नाही त्याला तर आधी. पण बहुतेक म्हाताऱ्या माणसांना स्वतःचा उंबरा सोडायचा नसतो. त्यांना हवं असतं दुपारचं गरम जेवण, रक्तदाबाची गोळी संपायच्या आत कुणीतरी आणून देणं, पावसाळ्याआधी पत्रा बदलून मिळणं आणि रात्री घसरून पडू नये म्हणून न्हाणीपाशी एक दिवा. एवढं मिळालं तर वृद्धाश्रमात जायची वेळ कित्येकांवर येणारच नाही.

जेवणाचा प्रश्न तर शाळेच्या अंगणात सुटू शकतो. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, शाळेत खिचडी शिजते. मग त्याच चुलीवर आजीचा डबा का नाही? तामिळनाडूने १९८२ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू केलेल्या पोषण आहार योजनेत पुढे निराधार वृद्ध पेन्शनधारकांनाही दुपारचं जेवण दिलं. तुम्ही म्हणाल, मास्तरांच्या डोक्यावर आणखी एक काम! नको, अजिबात नको. आपल्याकडे कामं काय कमी आहेत? स्वयंपाक बचत गटाने करावा, पैसा सामाजिक न्याय विभागाने द्यावा, हिशेब ग्रामपंचायतीने ठेवावा.

आपल्याला करता येईल ते एवढंच. यंदा तो ठरलेला निबंध बाजूला ठेवा. मुलांना शेजारच्या आजी-आजोबांकडे पाठवा आणि विचारून लिहायला सांगा: घर कोणाच्या नावावर आहे? रात्री सोबत कोण असतं? दवाखाना किती लांब? पेन्शन शेवटची कधी मिळाली? उत्तरं आली की, आजी-आजोबांची हरकत नसेल तर, ग्रामसभेत वाचा.

पालकहो, घरात किंवा शेजारी कुणी अडचणीत असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मोफत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि श्रावणबाळचा अर्ज भरण्याआधी आधार बँक खात्याला जोडलंय का, दोन्हीकडे नाव सारखं आहे का, तेवढं बघा. पासबुकात ‘सखुबाई’ आणि आधारवर ‘सखू’ एवढ्यावरूनही पैसे अडकतात.