हसरी माय

आज ३ डिसेंबर. १९५१ साली याच दिवशी जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांच्या तोंडून निघालेली गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी माय हयात असतानाच वहीत उतरवून ठेवली होती. मायच्या पश्चात सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. ही कविता महाराष्ट्रापासून लपवणे हा गुन्हा ठरेल, असे अत्र्यांनी बजावले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली.

दरवर्षी या दिवशी बहिणाबाईंच्या कष्टांवर, सोसण्यावर, तत्त्वज्ञानावर भाषणे होतात. ती व्हावीतच. पण त्या वहीत आणखी एक बाई आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. ही बाई गावातल्या माणसांच्या तऱ्हा टिपते, खोकली माय आणि छोटू भैय्या यांना गाण्यात आणून बसवते. एकही अक्षर न येणारी ही बाई जळगावातला नानाजींचा छापखाना पाहते आणि माणसापेक्षा कोरा कागदच लवकर शहाणा होतो, असा टोला हाणते. तरुणपणी वैधव्य आले, दोन मुलगे आणि एक मुलगी पदरात होती. तरीही ज्योतिषाला ती दारातूनच परत पाठवते. उद्या काय होणार हे त्याच्याकडून ऐकायची तिला गरज वाटत नाही. लेवा गणबोलीतला हा मिस्कीलपणा तिच्या शहाणपणाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

मायच्या आठवणीशी खानदेशाचे नाते जुने आहे. संस्कृत गीता आपल्याला कळत नाही, ती मराठीत हवी, असे विनोबांच्या आई रुक्मिणीबाईंना वाटे. त्या इच्छेतून जन्मलेली ‘गीताई’ १९३२ साली धुळ्यातून पहिल्यांदा छापून निघाली, तेव्हा विनोबा तिथल्याच तुरुंगात होते. त्याच तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने लिहून घेणारे साने गुरुजी अमळनेरचे शिक्षक. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. या दोन्ही मातांपुढे आपण हात जोडतो. बहिणाबाईंच्या शेजारी मात्र ओट्यावर बसून हसावेसे वाटते, आणि हे सुख सोपानदेवांच्या वहीमुळे आपल्याला मिळाले.

आज धुळे-जळगावकडे माय गेली की गंधमुक्तीची, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीची, पत्रिका छापली जाते. तिच्यात कष्टाळू, प्रेमळ, धार्मिक हे ठरलेले शब्द असतात आणि आधार कार्डासाठी काढलेला, ओठ घट्ट मिटलेला फोटो असतो. जिच्या नकलांनी लग्नाचा मांडव हसून लोळायचा, जी शेजारणींना टोपणनावे ठेवायची, नातवंडांबरोबर पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करायची, ती बाई त्या पत्रिकेत सापडत नाही. लेकरांना तिचे हसणे आठवते, पण दुःखाच्या घरात ते सांगणे बरे दिसणार नाही, असे वाटून ती गप्प बसतात. आम्हाला हा संकोच चुकीचा वाटतो. आपल्या आखाजीने, म्हणजे अक्षय तृतीयेने, तो कधीच मानला नाही. त्या दिवशी खानदेशात घरोघरी पितरांची घागर भरली जाते, आणि त्याच दिवशी माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, एकमेकींच्या सासरची थट्टा करतात. गेलेल्यांना पाणी आणि असलेल्यांना खेळ, दोन्ही एकाच अंगणात.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुने दप्तर, हस्तलिखिते तिथे जिवापाड जपली गेली. पण मायच्या तोंडातली अहिराणी गाणी, उखाणे, चावट म्हणी यांना असे दप्तर कुठले? ते घरातच करावे लागते. सोपानदेवांकडे फक्त एक वही होती. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारा मोबाइल आहे.

ज्यांची माय गेली आहे, त्यांनी गंधमुक्तीला जमलेल्या मावश्या-आत्यांना तिच्या गमती विचाराव्यात आणि लिहून घ्याव्यात. ज्यांची माय अजून ओट्यावर बसून हसते आहे, त्यांनी आज संध्याकाळीच तिच्याशेजारी बसावे आणि तिला गाणे म्हणायला लावावे.