पाळणाघर निवडताना आधी नळ पाहा

“मुलाला कोणत्या पाळणाघरात ठेवू?” असे ओळखीच्या नोकरी करणाऱ्या मुली मला नेहमी विचारतात. मी त्यांना सांगते, भिंतीवरची चित्रे आणि खेळणी नंतर पाहा. आधी हात धुण्याचा नळ कुठे आहे आणि तिथे साबण आहे का ते पाहा. पुष्कळ जणींना हा सल्ला चमत्कारिक वाटतो. पण तो मी पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या चुकीतून शिकले आहे.

ही गोष्ट १९९५ सालची. मी गृहविज्ञान महाविद्यालयात शिकत होते. बालविकास विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी आम्हाला महाविद्यालयाच्या आवारातल्याच पाळणाघरात आठवड्यातून तीन दिवस काम असे. प्राध्यापिका, कारकून, शिपाई यांची एक ते चार वर्षांची वीसेक मुले तिथे असत. सांभाळायला एक मावशी आणि पाळीपाळीने आम्ही दोघी-दोघी विद्यार्थिनी. मुले आम्हाला ताई म्हणत. गाणी, गोष्टी, ठोकळ्यांचे खेळ यांची टाचणे आम्ही मोठ्या हौसेने काढत असू. हात कधी आणि कसे धुवायचे, याचे टाचण मात्र कोणीच काढले नव्हते.

एके दिवशी मावशी रजेवर होत्या. दुपारी डबे उघडले आणि तेवढ्यात दीड वर्षाच्या एका मुलीने लंगोट खराब केला. तिला सकाळपासून पातळ शी होत होती. मी तिला धुतले, लंगोट बदलला. नळ मागच्या अंगणात, आणि साबण कपाटात कुलूपबंद, कारण मुले तो पाण्यात टाकून वाया घालवतात! इकडे दोन मुले भुकेने रडत होती. मी नुसत्या पाण्याने हात धुतले, ओढणीला पुसले आणि त्याच हातांनी चार मुलांना वरणभात भरवला.

दोन-तीन दिवसांत पाच मुलांना जुलाब सुरू झाले. त्यातल्या एकाला सलाईन लावावे लागले. त्याची आई आमच्याच कार्यालयात नोकरीला होती. ती मला रागावली नाही. “अगं, सकाळी तर चांगला खेळत होता गं,” एवढेच म्हणाली. बाधा माझ्याच हातून झाली हे सिद्ध करता येणार नाही. पण ती माझ्या हातून झाली नाही, असेही मी आजवर स्वतःला सांगू शकलेले नाही.

तान्ह्या मुलाची शी घाण नसते, असा आपल्याकडे समज आहे. तो साफ चुकीचा आहे. लहान मुलाची शी मोठ्यांच्या इतकीच धोक्याची असते. रोटाव्हायरससारखे विषाणू अगदी थोड्या प्रमाणात पोटात गेले तरी जुलाब होतात. हातावरून ते खाऊला लागतात, खेळण्याला लागतात आणि प्रत्येक खेळणे शेवटी कोणाच्या तरी तोंडात जाते. नुसत्या पाण्याने हात स्वच्छ दिसतात, होत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग मानला होता. आम्ही परीक्षेसाठी त्यांची नावे पाठ केली, साबण मात्र कपाटात ठेवला.

मात्र दोष एकट्या विद्यार्थिनीला किंवा मावशींना देऊन भागणार नाही. वीस मुलांमागे दोन-तीन माणसे असली, की हात धुणे हेच पहिले राहून जाते. त्या मुलीला पातळ होत असल्याचे तिच्या आईला ठाऊक होते. पण रजा शिल्लक नसल्याने तिने ते सांगितले नाही. तिला तरी काय बोल लावणार? २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हे चांगलेच झाले. परंतु कायद्याने खोली मिळाली तरी पुरेशी माणसे, त्यांना नीट पगार आणि आजारी मुलाच्या आईबापांना रजा हे संस्थाचालकांनीच पाहिले पाहिजे.

पालकांनी एवढे करावे. लंगोट बदलण्याची जागा आणि जेवणाची जागा वेगळी आहे का ते पाहावे. शी धुतल्यावर आणि भरवण्यापूर्वी साबणाने निदान २० सेकंद हात धुतले जातात का, हे जेवणाच्या वेळी जाऊन पाहावे. सकाळी तापाचे औषध पाजून मूल पाठवू नये. चार-सहा तासांनी ताप पुन्हा चढतो, आणि तोवर मूल सर्वांत मिसळलेले असते. जुलाब होत असतील तर मूल घरी ठेवावे, ओआरएस पाजत राहावे, अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा शीतून रक्त पडले, तर तडक डॉक्टरांकडे न्यावे.

त्या प्रकारानंतर आमच्या बाईंनी साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळालाच बांधली. मुलांनी थोडाफार साबण वाया घालवला असेल. सलाईनच्या बाटलीपेक्षा तो स्वस्तच पडला.