शॉवर बदलायचा की साफ करायचा?

बाथरूममधला शॉवर नीट चालेनासा झाला की मुले म्हणतात, नवा आणा. दादी म्हणतात, बादली-मग काय वाईट आहे? दादींचे म्हणणे आम्हालाही पटते. पण ज्यांना वाकून मग उचलणे जमत नाही, अशा वडीलधाऱ्यांना शॉवर सोयीचा पडतो. म्हणून तो खरोखर बिघडला आहे का, हे आधी पाहावे.

आपल्या भागात पहिला संशय पाण्यावर घ्यावा. सातारा शहरातल्या कासच्या पाण्याचा किंवा सांगली-मिरजेतल्या कृष्णेच्या पाण्याचा त्रास कमी. पण माण-खटाव, जत, आटपाडीकडे बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत तवे-पातेल्यांवर पांढरा थर बसतो, तोच शॉवरच्या भोकांतही बसतो. मग एक धार भिंतीवर, दुसरी डोळ्यात! असा शॉवर टाकून देऊ नये. तो काढून अर्धा-एक तास पांढऱ्या सिरक्यात बुडवावा, जुन्या टूथब्रशने घासावा आणि स्वच्छ पाण्याने धुवावा. रबरी भोके असतील तर अंगठ्याने चोळली तरी क्षार निघतो. सोनेरी किंवा रंगीत मुलामा असेल तर मात्र सिरका जपून वापरावा.

धार मंद असेल तर शेजारचा नळ सोडून पाहा. तोही मंद असेल तर दोष शॉवरचा नाही. टाकी बाथरूमच्या वर जेमतेम दहा फुटांवर असली तर दाब कमीच मिळणार. अशा घरात ताटाएवढा मोठा शॉवर बसवला की पाणी नुसते ठिबकते. दुकानदार हे सांगत नाहीत.

बंद केल्यावर दोन-चार मिनिटे थेंब पडले तर काळजी नको, ते आत उरलेले पाणी असते. रात्रभर ठिबकत असेल तर बहुधा कॉकचा वायसर किंवा स्पिंडल गेलेला असतो. तेवढा बदलला की काम होते, शॉवरला हात लावायची गरज नाही. पण हे काम उद्यावर टाकू नये. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसरात्रीत बादलीभर पाणी जाते. रसूलुल्लाह (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) एक साअ, म्हणजे अडीच-तीन लिटर, ते पाच मुद पाण्यात गुस्ल करत, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. आपल्या घरी तेवढे पाणी कोणी न वापरताच गटारात जाते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्या पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी होते, हे मिरजकर विसरलेले नसतील.

आता खरोखर बदलण्याची वेळ. मानेजवळ तडा गेला, आटे झिजून टेफ्लॉन टेप गुंडाळूनही गळती थांबत नाही, मुलामा सुटून त्याचे पापुद्रे हाताला बोचतात, किंवा साफ केल्यावर आठवड्यात धारा पुन्हा वाकड्या होतात, तर त्यावर आणखी खर्च करू नये. भिंतीतून येणारा लोखंडी तुकडा गंजला असेल तर तोही त्याच वेळी बदलून घ्यावा, नाहीतर नवा शॉवर जुन्या गंजावर बसतो.

एका गोष्टीत मात्र चालढकल नको. गरम-गार पाण्याचा मिक्सर फिरवूनही पाणी अचानक कढत येत असेल, तर लहान मुले आणि वृद्धांना भाजण्याची भीती असते. प्लंबर येईपर्यंत त्या नळाचे गरम पाणी बंदच ठेवावे आणि बादलीत विसण घालून, हाताने पाहूनच आंघोळ घालावी.

आणि हो, संडासातल्या जेटचा पाइपही याच फेरीत तपासा. तो फुगला किंवा जोडाशी ओला राहू लागला तर लगेच बदला. वापर झाला की नुसता जेट सोडून देऊ नका, भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा. घर बंद करून ईदला गावी जाताना तर नक्कीच.