सोडवणारीला बसणारा फटका

स्कॉटलंडच्या जुन्या स्कॉट्स बोलीत ‘रेड’ असं एक क्रियापद आहे. (आपल्याकडची पोलिसांची ‘रेड’ वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही.) त्याचा जुना अर्थ वाचवणं, सोडवणं. जर्मन भाषेत आजही वाचवण्याला ‘रेटन’ म्हणतात, तो याच कुळातला शब्द. पण स्कॉट्स बोलणाऱ्यांनी ‘रेड’ला पार घरात आणलं. घर आवरणं म्हणजे रेड, गुंतलेलं सूत उलगडणं म्हणजेही रेड. केस विंचरायचा कंगवा हा ‘रेडिंग केम’. कोळशाच्या खाणीतून उपसलेला राडारोडाही रेडच. आवरण्याचा अर्थ दुसऱ्याच एका शब्दातून येऊन यात मिसळला असावा, असंही मानलं जातं. असेल. बोलणाऱ्यांना मात्र तो एकच वाटला, आणि मला त्यातच गंमत वाटते.

कारण आपल्याकडेही तसंच आहे. ‘उद्धार’ म्हटलं की कुणीतरी वर उभा आणि कुणीतरी खाली पडलेली. पण ‘सोडवणं’ पाहा! केसांची जट सोडवायची, भांडण सोडवायचं, आणि कोंडून ठेवलेल्या बाईलाही सोडवायचंच. बायकांच्या हातातलं रोजचं काम आणि सुटका यांना मराठीतही एकच शब्द पुरतो.

दोघांच्या मारामारीत मध्ये पडणं हाही ‘रेड’चाच अर्थ. त्यातून ‘रेडिंग स्ट्रेक’ हा शब्दप्रयोग आला: सोडवायला गेलेल्याला बसणारा फटका. वॉल्टर स्कॉटच्या 1816 सालच्या ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ कादंबरीत मुलगी बापाला विचारते, की गिऱ्हाइकं हाणामारीवर आली तर तुम्हाला हाक मारू का? खानावळ चालवणारा बाप साफ नको म्हणतो, का तर मधल्यालाच जास्त बसतो. आपली म्हण सांगते, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ. ती करणाऱ्याने कधी सोडवासोडव केली नसावी.

आपल्यापैकी प्रत्येकीने हा फटका खाल्लेला आहे. रात्री अकराला बाईला घराबाहेर काढायचं, आणि पंधरा दिवसांनी तीच नवऱ्याशेजारी उभी राहून म्हणते, ‘या बायकांनी माझं घर मोडलं.’ नव्या कार्यकर्त्या अशा वेळी खचतात, चिडतात. मला वाटतं, तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तो फटका या कामातच आहे. जुन्या माणसांनी त्याला नावसुद्धा देऊन ठेवलंय.

पण या शब्दाची एक बाजू मला मान्य नाही. भांडण सोडवायचं म्हटलं की दोन्ही बाजू सारख्या धरल्या जातात. नवऱ्याचा मार म्हणजे भांडण नव्हे. पंचायतीत, पोलीस चौकीत ‘दोघांनी थोडं थोडं सोडा’ म्हणणारे मध्यस्थ आपण पुष्कळ पाहिले. स्कॉटलंडच्या बायकांनाही ते भेटलेच असणार. तिथे 1970च्या दशकात आधारघरं सुरू झाली आणि 1976 मध्ये ‘स्कॉटिश विमेन्स एड’ ही संघटना उभी राहिली, ती समेट घडवण्यासाठी नव्हे.

मला जास्त उपयोगाचा वाटतो तो आवरण्याचा अर्थ. सुटका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाईच बाहेर पडते: हातात पिशवी, कडेवर पोर. घर मात्र मारणाऱ्याकडेच राहतं. खोली झाडायची तर बाहेर काय काढायचं? स्कॉटलंडमध्ये 1981च्या कायद्याने, घर बायकोच्या नावावर नसलं तरी मारणाऱ्या नवऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेश कोर्ट देऊ लागलं. आपल्या 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 19 मध्येही न्यायदंडाधिकारी त्याला घर सोडायला सांगू शकतात. आपण तो अर्ज किती वेळा करतो? आधारगृहात जागा आहे का, हाच फोन आधी करतो. जीव धोक्यात असेल तर तो करावाच लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण तोच शेवटचा फोन का ठरावा?

आमच्या तिमाही अहवालात ‘सुटका’ असा एक रकाना आहे. त्यात आकडा भरला की प्रकरण मिटलं. मी बैठकीत सुचवलंय, की त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: सहा महिन्यांनी ती कुठे राहते, रेशनकार्डावर तिचं नाव आहे का, पोरांची शाळा चालू आहे का, आणि घराची किल्ली कुणाकडे आहे. पुढच्या बैठकीत त्यावर मत घ्यायचं ठरलं आहे.