दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर लिहा

गेले दोन महिने आमच्या टपालात एकच तक्रार फिरून फिरून येते आहे. वर्षानुवर्षे रात्री जागून केलेल्या मुक्त सॉफ्टवेअरवर मराठी विकिपीडियात पान केले आणि ते ‘जाहिरात’ असा शेरा मारून वगळले गेले. पत्रलेखक विचारतात, जे आम्ही फुकट देतो, ज्याचा स्रोत सगळ्यांना खुला आहे, त्याची जाहिरात करून आम्हाला काय मिळणार?

आम्ही या पानांचे मसुदे मागवून वाचले. बहुतेक सगळे मसुदे म्हणजे रीडमी फाइलचा मराठी अवतार आहेत. ‘अत्यंत वेगवान’, ‘वापरायला सोपे’, ‘मराठीतले पहिले’ अशी विशेषणे, वैशिष्ट्यांची यादी आणि शेवटी इन्स्टॉल करण्याच्या आज्ञा. संदर्भ म्हणून स्वतःची रिपॉझिटरी, स्वतःचे संकेतस्थळ आणि रिपॉझिटरीला मिळालेल्या स्टारची संख्या. परवाना जीपीएल असला म्हणून लेखक निष्पक्ष होत नाही. आपला तो बाब्या, हे पैसे न घेणाऱ्यालाही लागू आहे.

काहींनी तर जीपीएलखालची माहितीपुस्तिकाच जशीच्या तशी पानावर चिकटवली. विकिपीडियाचा मजकूर जून २०२३पासून सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली आहे. त्या परवान्यातून जीपीएल आवृत्ती ३कडे मजकूर नेता येतो, उलट आणता येत नाही. पुस्तिका एकट्याने लिहिली असेल तर लेखक ती दुसऱ्या परवान्याखालीही देऊ शकतो. पण तिच्यात दहा जणांचे पॅच असतील तर दहाही जणांची संमती लागते. परवान्यांवरून तासन्‌तास भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगावे लागते, याचे वाईट वाटते.

प्रचालकांनाही सांगणे आहे. एका शब्दाच्या शेऱ्याने कुणी शिकत नाही. कोणत्या वाक्याला कोणता संदर्भ हवा, हे चर्चापानावर लिहा. पान थेट उडवण्याआधी ते सदस्याच्या धूळपाटीवर हलवा. आवृत्ती, तारीख, परवाना अशा निर्विवाद गोष्टींसाठी रिपॉझिटरीचा संदर्भ चालतो, तोही सरसकट पुसू नका. नव्या माणसाचे पहिलेच पान असे गेले की तो दुसऱ्यांदा फिरकत नाही. मराठीत लिहिणारे आधीच थोडे आहेत.

तरीही मूळ दुखणे प्रचालकांपाशी नाही. ते कुठे आहे, हे टेसरॅक्टच्या उदाहरणावरून दिसेल. जुनी मराठी पुस्तके स्कॅन करून त्यांचा मजकूर काढणाऱ्या कितीतरी वाचकांचे काम त्याच्यावर चालते. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये ते १९८५ ते १९९४ या काळात घडले. १९९५ साली लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाने ओसीआर प्रणालींच्या अचूकतेची चाचणी घेतली, तीत ते आघाडीच्या प्रणालींत होते. त्याचा स्रोत खुला झाला तो थेट २००५ साली. २००७ मध्ये त्याचे मुख्य रचनाकार रे स्मिथ यांनी त्याच्या रचनेवर शोधनिबंध लिहिला. ते आतून कसे चालते, हे सांगायला स्मिथ यांचा निबंध उत्तम आहे. पण ते किती अचूक होते, हे सांगायला विद्यापीठाची चाचणीच हवी, कारण चाचणी घेणाऱ्यांनी ते बनवलेले नव्हते. टेसरॅक्टवरचा लेख उभा राहतो तो अशा परक्या माणसांनी आधी करून ठेवलेल्या कामावर.

आपल्याकडे हे परके काम कुठे आहे? मराठी टंक, शुद्धलेखन तपासनीस, कीबोर्ड, ओसीआर यांची निर्मिती वर्षानुवर्षे चालू आहे. पण एकाने केलेला टंक दुसऱ्याने बारकाईने तपासला, ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’मधला ऱ्ह, ऱ्या नीट उमटतो का, भाषा मराठी निवडल्यावर ल आणि श मराठी वळणाचे येतात का, हे पाहून छापले, असे किती वेळा झाले? विकिपीडिया स्वतंत्र संदर्भ मागतो. ते संदर्भ आपण एकमेकांसाठी निर्माण केले नाहीत, म्हणून पाने पडतात. संदर्भ मराठीतच हवा असेही नाही, पण मराठी सॉफ्टवेअरची कसून तपासणी मराठी माणसाखेरीज कोण करणार? या मासिकाचाही यात दोष आहे. आम्ही आजवर निर्मात्यांनीच लिहिलेले परिचय छापत आलो.

पुढच्या अंकापासून ते बंद. निर्मात्याने लिहिलेला परिचय आम्ही छापणार नाही. आम्हाला चाचणी हवी आणि ती त्या प्रकल्पात एकही कमिट नसलेल्या माणसाने केलेली हवी. कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, कोणता मजकूर, किती पानांत किती चुका, हे सगळे लिहा. जे जमले नाही तेही लिहा. निर्मात्याला उत्तरासाठी त्याच अंकात जागा मिळेल.

आणि ज्यांना विकिपीडियात लिहायचेच आहे, त्यांनी स्वतःच्या प्रकल्पाचे पान स्वतः करू नये. चर्चापानावर आपले नाते उघड सांगावे, संदर्भ मांडावेत, लिहिणे इतरांवर सोपवावे. पगारी कामाचा भाग म्हणून लिहिणाऱ्यांना तर ते उघड करणे जून २०१४पासून बंधनकारकच आहे.

मित्रहो, तुमच्या यंत्रावर रोज चालणारे, दुसऱ्या कुणीतरी केलेले एक सॉफ्टवेअर आज निवडा. ज्याच्यावाचून तुमचे काम अडते, पण ज्याच्यावर मराठीत एक ओळ नाही, असे निवडा. महिनाभर ते तपासा आणि आम्हाला लिहा. तुमच्या सॉफ्टवेअरसाठी हेच कष्ट दुसरा कुणीतरी घेईल. त्या दोन्ही लेखांच्या आधाराने उभे राहिलेले पान पुसायला मग कुणापाशी कारण उरणार नाही.